निर्गत व्होल्टतेचे समायोजन : इलेक्ट्रॉनिक वीजपुरवठा साधनांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

ठाणे रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस कोपरी ही दाट लोकवस्ती आहे. तेथील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या प्रवेशद्वारापाशी उभे राहून पाहिले तर सुरक्षा कॅमेरे, इंटरकॉम, इंटरनेटचे राऊटर, उद्वाहनातील आपत्कालीन दिवा अशी अनेक साधने दृष्टीस पडतात. यांपैकी एकही साधन घरगुती २३० व्होल्ट प्रत्यावर्ती वीज थेट वापरीत नाही. प्रत्येकाच्या मागे ५, १२ किंवा २४ व्होल्ट एकदिश वीज देणारे एक छोटे साधन असते. त्यास आपण व्यवहारात 'पॉवर सप्लाय' किंवा 'अ‍ॅडॅप्टर' म्हणतो.

कोपरीचा पूल ओलांडून द्रुतगती महामार्ग तीन हात नाक्याकडे येतो आणि त्याच्या पश्चिमेस वागळे औद्योगिक वसाहत लागते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या आरंभीच्या वसाहतींपैकी ही एक होय. प्रभाकर देवधर यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या 'अप्लाइड इलेक्ट्रॉनिक्स' म्हणजेच 'ॲपलॅब' या उद्योगामुळे ठाण्याचे नाव प्रयोगशाळांच्या बाकांपर्यंत पोहोचले. देवधर यांनी पुढे केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स आयोगाचे अध्यक्षपदही भूषविले. महाराष्ट्रातील विज्ञान व अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेल्या कित्येक विद्यार्थ्यांनी व्होल्टता कमी-अधिक करण्याचे बटण आयुष्यात प्रथम फिरविले ते ॲपलॅबच्या पॉवर सप्लायवरच.

असे असूनही हे बटण फिरविताना आत नेमके काय बदलते, याविषयी पदवीधरांच्या मनातही पुरेशी स्पष्टता आढळत नाही. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांत तर 'व्होल्टेज थोडे वाढवून दे' हा अनेक दुखण्यांवरचा एकच उपाय मानला जातो. तो कधी लागू पडतो, कधी बॅटरी नासवितो आणि क्वचित आगीलाही कारण होतो. प्रस्तुत लेखात या समायोजनामागील तत्त्व, त्याच्या मर्यादा आणि ते करताना घ्यावयाची काळजी यांचे विवेचन केले आहे.

समायोजन म्हणजे काय

नियंत्रित पॉवर सप्लाय हा स्वतःच्या निर्गत व्होल्टतेवर सतत लक्ष ठेवणारा मंडल-समूह आहे. त्याच्या पोटात एक संदर्भ व्होल्टता असते. ती तापमान, भार किंवा मुख्य वीजपुरवठा यांच्या बदलाने फारशी हलत नाही. निर्गत व्होल्टतेचा ठरावीक अंश दोन रोधकांच्या विभाजकाने काढून घेतला जातो व त्याची या संदर्भाशी तुलना केली जाते. अंश कमी भरला तर मंडल निर्गत व्होल्टता वाढविते, अधिक भरला तर कमी करते. या क्रियेस पुनर्भरण असे म्हणतात.

वाण्याच्या तराजूचे उदाहरण घेतल्यास ही गोष्ट ध्यानात येईल. एका पारड्यात एक किलोचे वजन ठेवले आहे आणि दांडी समतोल होईपर्यंत वाणी दुसऱ्या पारड्यात धान्य ओततो आहे. आता वजन तेच ठेवून दांडीचा टेकू किंचित बाजूस सरकविला, तर दांडी समतोल होईल, परंतु धान्य एक किलो नसेल. वाणी मात्र प्रामाणिकपणे समतोलच साधतो आहे. पॉवर सप्लायचे बटण म्हणजे हा टेकू होय. आपण व्होल्टता थेट बदलीत नाही. साधन स्वतःची व्होल्टता ज्या प्रमाणात मोजते, ते प्रमाण आपण बदलतो. यापुढील सर्व विवेचन या एका विधानावर आधारलेले आहे.

नॅशनल सेमिकंडक्टर या अमेरिकन कंपनीत रॉबर्ट डॉबकिन यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात तयार झालेला एलएम ३१७ हा त्रिपाद नियामक आजही अभ्यासक्रमात आहे व बाजारातही. त्याची संदर्भ व्होल्टता १.२५ व्होल्ट असून ती निर्गत पाद आणि समायोजन पाद यांच्या दरम्यान राखली जाते. या दोन पादांत जोडलेला पहिला रोधक आणि समायोजन पादापासून भूमीपर्यंत जोडलेला दुसरा रोधक यांच्या गुणोत्तरात १ मिळवून १.२५ ने गुणले की निर्गत व्होल्टता मिळते. पहिला रोधक २४० ओहमचा असेल तर १२ व्होल्टसाठी दुसरा सुमारे २०६४ ओहमचा लागतो. समायोजन पादातून वाहणाऱ्या सुमारे ५० मायक्रोअँपिअर प्रवाहामुळे यात आणखी ०.१ व्होल्टची भर पडते.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. बहुतेक पाठ्यपुस्तकांतील आकृतीत पहिला रोधक २४० ओहमचाच दाखविलेला असतो. त्यातून सुमारे ५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. परंतु नियामकाच्या काही नगांना नियंत्रण राखण्यासाठी १० मिलिअँपिअरपर्यंत किमान प्रवाह लागतो. तेवढा भार जोडलेला नसेल तर व्होल्टता ठरविल्यापेक्षा वर चढते आणि विद्यार्थी विनाकारण दुसरा रोधक बदलीत बसतो. पहिला रोधक १२० ओहमचा आणि दुसरा १०३२ ओहमचा घेतल्यास गुणोत्तर तेच राहते व ही अडचण उद्भवत नाही.

बटण फिरते तेथवर व्होल्टता मिळतेच, असेही नाही. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांनी कमी दाबाच्या पुरवठ्यात ६ टक्के चढउतार ग्राह्य धरला होता. म्हणजे २३० व्होल्टच्या जागी २१६ पासून २४४ व्होल्टपर्यंत वीज येऊ शकते, हे गृहीत धरावे लागते. १५ व्होल्टचे रोहित्र २१६ व्होल्टवर सुमारे १४ व्होल्ट देते. त्याचे शिखरमूल्य सुमारे २० व्होल्ट. त्यातून एकदिशकारकातील १.४, धारित्रावरील ऊर्मिकेचे समजा २ आणि नियामकाच्या गरजेचे २.५ व्होल्ट वजा केले असता हाती १४ च राहतात. मापनाचे प्रमाण बदलून साधनाला १८ व्होल्ट देण्याचा हुकूम सोडता येईल, पण जे आत नाहीच ते बाहेर कोठून येणार?

प्रयोगशाळेतील साधन

बाकावरील ० ते ३० व्होल्ट, २ अँपिअर अशा साधनात दुसरी अडचण उष्णतेची असते. आतील अनियंत्रित व्होल्टता ३५ असताना निर्गत ५ व्होल्ट व २ अँपिअर घेतल्यास उरलेले ३० व्होल्ट नियंत्रक ट्रान्झिस्टरवर पडतात आणि ६० वॅट उष्णता निर्माण होते. म्हणूनच अशा अनेक साधनांत रोहित्राचे टप्पे बदलणारा रिले बसविलेला असतो. बटण हळूहळू फिरविताना मध्येच 'कट्' असा आवाज येतो तो याचा. प्रात्यक्षिक परीक्षेत या आवाजाचे कारण विचारावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आकृती पाठ करून त्याचे उत्तर देता येत नाही.

या साधनास व्होल्टतेचे व प्रवाहाचे अशी दोन बटणे असतात. भाराने प्रवाहाची ठरविलेली मर्यादा गाठली की साधन स्थिर व्होल्टता सोडून स्थिर प्रवाहाच्या अवस्थेत जाते. मग व्होल्टतेचे बटण कितीही फिरविले तरी काटा हलत नाही. 'सर, सप्लाय बिघडला' ही तक्रार बहुधा या क्षणी येते. वास्तविक त्या वेळी दुसऱ्या पुनर्भरणाचा अंमल चालू असतो आणि साधन आपले काम चोख करीत असते. एखाद्या नव्या मंडलाची चाचणी घेताना प्रथम प्रवाहमर्यादा अल्प ठेवून मगच व्होल्टता चढविण्याची सवय विद्यार्थ्यास लागली, तर कित्येक घटक जळण्यापासून वाचतील.

उत्तम प्रतीच्या साधनांवर आणखी दोन अग्रे आढळतात. त्यांस संवेदन-अग्रे म्हणता येईल. नेहमीच्या जोडणीत साधन स्वतःच्या अग्रांवरील व्होल्टता मोजते. संवेदन-अग्रांपासून दोन बारीक तारा थेट भारापर्यंत नेल्या की मापनाची जागा भारापाशी जाते आणि मधल्या जाड तारांत जेवढी व्होल्टता खर्च होते तेवढी साधन आपणहून वाढवून देते. बटणाला हातही न लावता निर्गत व्होल्टता बदलली! मात्र यातील एखादी बारीक तार तुटली तर साधनास वाटते की भारापाशी काहीच पोहोचत नाही, आणि ते व्होल्टता चढवीत जाते. हा धोका आवरण्यासाठी मुख्य व संवेदन-अग्रांमध्ये आतून लहान रोधक जोडलेले असतात.

लांब तारेचा प्रश्न

संवेदन-अग्रांची चैन १२ व्होल्टच्या साध्या अ‍ॅडॅप्टरला नसते. कोपरीतील एखाद्या इमारतीची कल्पना करू. पहारेकऱ्याच्या खोलीत १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय आहे. एक कॅमेरा तेथून ३ मीटरवर प्रवेशद्वारी आणि दुसरा ४० मीटरवर मागील भिंतीशी आहे. तार तांब्याची, ०.५ चौरस मिलिमीटर छेदाची आहे. कॅमेरा दिवसा ०.२ अँपिअर आणि रात्री अवरक्त दिवे लागल्यावर ०.५ अँपिअर घेतो. जाऊन-येऊन ८० मीटर तारेचा रोध सुमारे २.७५ ओहम भरतो. दिवसा तारेत ०.५५ व्होल्ट जातात, रात्री १.३८. म्हणजे मागील कॅमेऱ्यास रात्री १०.६ व्होल्ट मिळतात. कॅमेऱ्याची सहनमर्यादा १० टक्के, म्हणजे १०.८ ते १३.२ व्होल्ट, अशी धरली तर तो दिवसा चालतो आणि रात्री, जेव्हा त्याची खरी गरज, तेव्हाच चित्र देईनासा होतो. दिवसा येऊन पाहणाऱ्या कारागिरास दोष सापडत नाही, हे ओघाने आलेच.

आता पॉवर सप्लायवरील प्रीसेट फिरवून १३.४ व्होल्ट केले तर मागील कॅमेऱ्यास रात्री बरोबर १२ मिळतील, परंतु प्रवेशद्वारीच्या कॅमेऱ्यास १३.३ व्होल्ट सोसावे लागतील. तो लगेच जळणार नाही. तरीही मर्यादा ओलांडली आहे आणि उन्हाळ्यात त्याची किंमत मोजावी लागू शकते. १२.६ व्होल्टवर ठेवल्यास मात्र मागे रात्री ११.२ आणि पुढे १२.५, असे दोघेही मर्यादेत राहतात. यावरून हे स्पष्ट व्हावे की वाढ दूरच्या भाराची भूक पाहून ठरवून भागत नाही, जवळच्याची सहनशक्तीही पाहावी लागते. हीच तार १०० मीटर असती तर रात्री ३.४ व्होल्ट तिच्यातच गेले असते व दूरच्या कॅमेऱ्यास किमान १०.८ मिळण्यासाठी सप्लाय १४.२ वर न्यावा लागला असता. तेथे दोघांना मानवेल असा आकडाच उरत नाही. ताम्रलेपित ॲल्युमिनियमची स्वस्त तार वापरली असेल तर ही वेळ त्याहूनही लवकर येते.

अशा वेळी प्रीसेटला हात न लावता जाड तार घालावी. ४० मीटरच्या उदाहरणात १.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर रात्रीची घट ०.४६ व्होल्टवर येते. किंवा मूळ व्होल्टताच बरीच अधिक ठेवून कॅमेऱ्यापाशी ती उतरवावी. इंटरनेटच्या केबलमधूनच वीज देण्याच्या पद्धतीत सुमारे ४८ व्होल्ट वापरतात ते याचसाठी. याचे भव्य रूप कोपरीच्या रहिवाशांस रोज दिसते. मुंबईतील उपनगरी विद्युत रेल्वे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी १५०० व्होल्ट एकदिश विजेवर सुरू झाली. गाड्या वाढल्या तसे त्या व्होल्टतेवर लागणारे प्रचंड प्रवाह तारांना पेलेनासे झाले. मध्य रेल्वेचा मुख्य उपनगरी मार्ग २०१५ मध्ये आणि हार्बर मार्ग २०१६ मध्ये पूर्णपणे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती विजेवर आला. तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह सुमारे सतरापट कमी लागतो, आणि तारेतील हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती समान रोधास पावणेतीनशे पटींहून अधिक घटते.

१२ वरून १३.८ : एक परिचित बदल

आजचे बहुतेक अ‍ॅडॅप्टर स्विचिंग प्रकारचे, म्हणजे एसएमपीएस असतात. त्यांच्या निर्गत बाजूस टीएल ४३१ हा तीन पायांचा संदर्भ-घटक सर्रास आढळतो. त्याची संदर्भ व्होल्टता २.४९५ व्होल्ट असते. वरचा रोधक निर्गत अग्रापासून संदर्भ-पादापर्यंत, खालचा तेथून भूमीपर्यंत. वरचा ८.३८ किलोओहम व खालचा २.२ किलोओहम असेल तर निर्गत व्होल्टता १२ भरते. खंडित विजेच्या काळात उपयोगी पडावी म्हणून १२ व्होल्टची बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी त्यावर सदैव जोडून ठेवण्याची पद्धत आहे. अशा बॅटरीच्या वेष्टनावर सतत जोडणीसाठी १३.५ ते १३.८ व्होल्ट अशी मर्यादा बहुधा छापलेली असते. खालच्या रोधकास समांतर १२ किलोओहमचा रोधक जोडला की त्यांचा एकत्रित रोध १.८५९ किलोओहम होतो आणि निर्गत व्होल्टता १३.७४ वर येते.

हाच परिणाम वरचा रोधक वाढवूनही साधता येतो आणि कागदावर दोन्ही मार्ग सारखेच दिसतात. प्रत्यक्षात त्यांत जीवन-मरणाचा भेद आहे. वरच्या बाजूस प्रीसेट बसविला आणि धूळ वा गंज यांमुळे त्याचा सरकता स्पर्श सुटला, तर संदर्भ-पादाशी काहीच पोहोचत नाही. साधनास वाटते व्होल्टता शून्य आहे, आणि ते सर्व बळ एकवटून ती चढविते. खालच्या बाजूस जोडलेला जादा रोधक निखळला तर मात्र व्होल्टता निमूटपणे १२ वर परतते. बॅटरी भारित होणार नाही, पण फुगणारही नाही. म्हणून बदलता घटक विभाजकाच्या अशा जागी असावा की त्याच्या बिघाडाने व्होल्टता उतरावी, चढू नये. आम्ही विद्यार्थ्यांस सूत्रे शिकवितो, हा विवेक क्वचितच शिकवितो. एलएम ३१७ मध्ये तर दुसरा रोधक सुटला की व्होल्टता चढते. त्यामुळे तेथे संपूर्ण मूल्याचा बदलता रोधक न घेता बराचसा भाग स्थिर रोधकाने द्यावा, प्रीसेट लहान घ्यावा व त्याचा सरकता स्पर्श एका टोकाशी जोडून ठेवावा. मग स्पर्श सुटला तरी वाढ मर्यादित राहते.

विभाजकाखेरीज इतर घटकांना या बदलाची वार्ताच नसते. ६० वॅटचा सप्लाय १२ व्होल्टवर ५ अँपिअर देतो. १३.८ व्होल्टवर त्याच्याकडून ४.३५ अँपिअरहून अधिक मागणे म्हणजे रोहित्रास तापविणे होय. निर्गत धारित्रे १६ व्होल्टची असतील तर चालतील, पण फारसा अवसर उरत नाही. प्राथमिक बाजूस नियंत्रक चिपला वीज देणारे साहाय्यक वेटोळेही त्याच रोहित्रावर असल्याने तेथील व्होल्टता १५ टक्के वाढते आणि काही साधने आपले अतिव्होल्टता-संरक्षण चालू करून बंद पडतात. तो दोष नव्हे, तो इशारा आहे. संरक्षणाचा झेनर काढून टाकून हा इशारा गप्प करण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते, तिचा निषेधच केला पाहिजे.

बॅटरीच्या बाबतीत आणखी दोन मुद्दे लक्षात घ्यावे लागतात. रिकामी झालेली बॅटरी आरंभी फार मोठा प्रवाह ओढते. ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीस तो साधारण २.१ अँपिअरवर रोखणे इष्ट असते व त्यासाठी प्रवाहमर्यादा वेगळी हवी. शिवाय वीज गेल्यावर बॅटरी उलट सप्लायच्या विभाजकातून व दर्शक दिव्यातून रिती होऊ नये म्हणून मध्ये डायोड घालतात. शॉट्की प्रकारचा डायोड घेतला तरी त्यावर ०.३ ते ०.५ व्होल्ट खर्च होतात. तेव्हा मल्टिमीटर सप्लायच्या अग्रांवर न लावता बॅटरीच्या अग्रांवर लावूनच आकडा ठरविला पाहिजे.

तापमानाचा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. छापील आकडा २५ अंश सेल्सिअससाठी असतो. दर अंशामागे प्रत्येक घटास सुमारे ३ मिलिव्होल्ट, म्हणजे सहा घटांस १८ मिलिव्होल्ट कमी द्यावे लागतात. ठाण्यात जिन्याखालच्या बंद पेटीत उन्हाळ्यात ३५ अंश ही नित्याची गोष्ट आहे. तेथे ०.१८ व्होल्ट कमी, म्हणजे १३.७४ ऐवजी १३.५६ व्होल्ट योग्य ठरतात. ते न केल्यास बॅटरीतील पाणी हळूहळू उडते, ती तापते, तापल्याने अधिक प्रवाह घेते व आणखी तापते. १० ते १५ व्होल्टचा पल्ला असलेला साधा प्रीसेट सुमारे २७० अंश फिरतो. त्यावर ०.१८ व्होल्ट म्हणजे जेमतेम १० अंशांची हालचाल. पेचकसाच्या एका धक्क्याने एवढा फरक सहज पडतो. म्हणून बॅटरीसाठी अनेक फेऱ्यांचा प्रीसेट घ्यावा आणि त्याचा पल्ला मुद्दाम अरुंद ठेवावा.

प्रत्यक्ष कृतीविषयी

एसएमपीएस उघडण्यापूर्वी हे ध्यानात असावे की त्यातील प्राथमिक धारित्रावर २३० च्या १.४१४ पट, म्हणजे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. १०० मायक्रोफॅरडच्या धारित्रात त्या वेळी ५ जूलहून अधिक ऊर्जा साठलेली असते. १० किलोओहम, ५ वॅटचा रोधक विसंवाहक मुठीच्या तारांनी काही सेकंद जोडून ती काढून टाकावी आणि मीटरने खात्री करावी. पेचकसाने अग्रे जोडून ठिणगी पाडणे हे कौशल्य नव्हे. जोडणीचे सर्व काम वीज बंद असताना करावे. वीज चालू असताना केवळ प्रीसेट फिरवावा, तोही विसंवाहक पेचकसाने व एका हाताने.

प्रथम बॅटरी किंवा कॅमेरा न जोडता, एखादा रोधक वा १२ व्होल्टचा दिवा भार म्हणून लावून व्होल्टता ठरवावी. नंतर पूर्ण भारावर अर्धा तास चालवून ती पुन्हा मोजावी, कारण थंड आणि तापलेल्या साधनाचे आकडे क्वचितच तंतोतंत जुळतात. समाधानकारक आकडा आला की प्रीसेटवर लाखेचा थेंब टाकावा. कवचावरील छापील पट्टी अजूनही १२ व्होल्टच सांगत असते. तिच्याशेजारी नवी व्होल्टता, कमाल प्रवाह आणि दिनांक पक्क्या शाईने लिहून ठेवावा.